सिस्टरना विचारल्याशिवाय उठू नका

तंजावरहून दहा-बारा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु आहे. पौष वद्य पंचमीला तिथे संत-रचनाकार त्यागराजांची आराधना होते. शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती एकसाथ गातात. ऐकायला मुंबई-पुण्याहूनही माणसं जातात, आणि परतताना पुष्कळांच्या पिशवीत तिथला अशोका हलवा असतो. मुगाची डाळ, साखर आणि हात सैल सोडून घातलेलं तूप. हलवा जरूर खावा. पण खाणाऱ्यांपैकी ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी तो किती खावा, त्या दिवशी भात किती कमी घ्यावा, गोळी जेवणाआधी घ्यावी की नंतर, हे त्यांना कोणी सांगितलंय का? आणि सांगितलं असेल, तर लक्षात राहिलंय का?

प्रश्न एकट्या तिरुवैयारूचा नाही. भारतात डायबेटिस असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेल्याचं 'इंडियाब' या देशव्यापी अभ्यासातून २०२३ साली पुढे आलं. तमिळनाडूत प्रौढांपैकी १४.४ टक्के लोकांना हा आजार आहे, आणि आपल्या गोव्यात २६.४ टक्के. या यादीत गोवा देशात पहिला आला. रक्तदाब वाढलेले लोक देशात ३५.५ टक्के, म्हणजे दर तीन मोठ्या माणसांमागे एक. तुमच्या घरात यातलं कोणी नसेल, तर शेजारी नक्की आहे.

औषध मिळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. मेटफॉर्मिन आणि अॅम्लोडिपिनसारख्या रोजच्या गोळ्या स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरी तमिळनाडूत २०२० साली झालेल्या सर्वेक्षणात डायबेटिस असलेल्या दहा जणांत जेमतेम एकाची शुगर आटोक्यात सापडली. बी.पी.चं चित्र त्याहून वाईट होतं. आणि हे राज्य सरकारी आरोग्यसेवेसाठी नावाजलेलं! काहींना आजार आहे हेच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असलेल्यांचंही गाडं कुठे अडतं ते आपण घरोघरी पाहतो. बरं वाटायला लागलं की गोळी सुटते. पट्टी संपली की 'पुढच्या आठवड्यात आणू' होतं. शेजारणीची गोळी 'तीच तर आहे' म्हणून घेतली जाते. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध आणि रोजचं जगणं यांच्यामध्ये कुठेतरी समजावणं राहून जातं.

ते समजावण्याचं काम सिस्टरचं आहे. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, ड्रेसिंग करणं जितकं तिचं काम, तितकंच हेही. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ते शिकवतात आणि त्याची परीक्षाही होते. तेव्हा सिस्टरकडून नीट समजून घेणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. समजल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

दारात येणारी नर्सम्मा

तमिळनाडूने या अडचणीवर एक उपाय केला. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातल्या सामनपळ्ळीत 'मक्कळै तेडि मरुत्तुवम्' ही योजना सुरू झाली. माणसांनी दवाखाना शोधत जाण्यापेक्षा दवाखान्यानेच माणसांच्या घरी जायचं, असा तिचा बेत. बचत गटातून निवडलेल्या आरोग्य स्वयंसेविका घरोघर जाऊन बी.पी. मोजतात, शुगर तपासतात, बी.पी. आणि डायबेटिसच्या गोळ्या हातात देतात. अंथरुणाला खिळलेल्यांकडे नर्स आणि फिजिओथेरपिस्ट जातात. गावच्या उपकेंद्रातली ग्राम आरोग्य परिचारिका, गावाच्या तोंडची नर्सम्मा, त्याआधीपासून घरं ओळखून असतेच. २०२४ साली या योजनेला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावात ही भेट कशी होते ते जरा जवळून पाहू. ओटीवर पाटी बसलेली, म्हणजे आपली आजी. स्वयंसेविका तिला आधी पाच मिनिटं नुसतं बसू देते. पाठ भिंतीला टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर. बोलायचं नाही. नुकतीच कॉफी झाली असेल तर अर्धा तास थांबायचं. पट्टा लुगड्याच्या पदरावरून गुंडाळायचा नाही, उघड्या दंडावर गुंडाळायचा. मग दोनदा मोजायचं. आपल्याकडच्या दवाखान्यात जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचं बी.पी. उभ्या-उभ्या, गप्पा मारत मोजलं जातं आणि आकडा पाहून घरचे घाबरतात. पुढच्या वेळी तुम्हीच म्हणा, 'सिस्टर, पाच मिनिटं बसतो, मग मोजा.' कोणीही सिस्टर नाही म्हणणार नाही.

पण खरी गोष्ट पट्टा सोडल्यावरची. गोळ्यांची पाकिटं हातात दिली आणि वहीत सही घेतली की ती फक्त पोच झाली. 'पाटी, मागच्या महिन्याच्या किती उरल्या?' असं विचारून उरलेल्या गोळ्या मोजल्या की कळतं, आठवड्यातले कुठले दिवस सुटतात. बहुधा शुक्रवारी, कारण त्या दिवशी सकाळीच देवळात जायचं असतं आणि नाश्ता टळतो. हे उत्तर कुठल्याही रक्ततपासणीत सापडत नाही. ते विचारूनच मिळतं.

महाराष्ट्रातही आशाताई येतात, ए.एन.एम. येतात, आयुष्मान आरोग्य मंदिरात सामुदायिक आरोग्य अधिकारी बसतात आणि त्यांच्यात नर्सिंग शिकलेल्या पुष्कळ आहेत. त्या दारात आल्या की 'सगळं ठीक आहे हो' म्हणून पाठवू नका. त्यांना आत बोलवा, पाणी द्या आणि उरलेल्या पट्ट्या पुढे ठेवा.

तंजावरचा जुना धडा

मराठी वाचकाला तंजावर परकं नाही. तिथल्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १७९८ ते १८३२ राज्य केलं. त्यांचं ग्रंथप्रेम, सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख हे आपण ऐकून असतो. त्यांच्या वैद्यकाविषयी मात्र कमी बोललं जातं.

रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांची छत्रं, म्हणजे धर्मशाळा, होती. ती चालू राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं. त्यात छत्रांमध्ये काय काय होतं ते त्यांनी तपशिलाने सांगितलं आहे. आजारी यात्रेकरूला औषध आणि त्याच्या प्रकृतीला मानवेल असा आहार देत, तो बरा होईपर्यंत आदराने त्याची सेवा करत. गरोदर बायकांची काळजी घेतली जाई, तान्ह्या बाळांसाठी दूध असे. औषधाबरोबर पथ्य, पथ्याबरोबर आदर. दोनशे वर्षांपूर्वीच्या या मांडणीत आजच्या नर्सिंगचं सार आहे.

त्यांच्या धन्वंतरी महाल या वैद्यकीय संस्थेत देशी आणि पाश्चात्त्य, दोन्ही वैद्यकांचे जाणकार काम करत. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. रुग्णाच्या डोळ्याचं चित्र काढलेलं, शेजारी काय दिसलं आणि काय उपचार केले ते लिहिलेलं. पारखून घेतलेले उपचार तमिळ पद्यात बांधले गेले, ते 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ओळखले जातात. ज्याच्यासाठी औषध, त्याच्या भाषेत आणि त्याच्या तोंडी बसेल अशा रूपात ते पोचवायचं, ही दृष्टी त्यामागे दिसते. त्यात मधुमेहावरचेही उपाय आहेत. म्हणून कोणी आज इन्सुलिन सोडून त्या काढ्यांच्या मागे लागू नये. इन्सुलिनचा शोध १९२१ सालचा, सरफोजींच्या वैद्यांना ते मिळालंच नव्हतं. त्यांच्याकडून घ्यायची ती नोंद ठेवायची आणि सोप्या भाषेत सांगायची सवय.

तुम्हीही नोंद ठेवा. दोनशे पानी वही घ्या. तारीख, बी.पी., शुगर, चालू गोळ्या, बदललेली गोळी आणि ती का बदलली. दवाखान्यात जाताना फाइलचं बाड नेलंत तर कोणी वाचत नाही. वहीचं शेवटचं पान सगळे वाचतात.

सांगून दाखवा, करून दाखवा

आता मुद्द्याचं. दवाखान्यात सांगितलेल्यातलं बरंचसं माणूस बाहेर पडता पडता विसरतो. त्यात त्याचा दोष नाही. घाबरलेल्या मनात दोन-तीन गोष्टींपलीकडे काही राहत नाही. आणि 'कळलं ना?' असं विचारलं की आपण सगळे मान डोलावतो. न कळलेलाही डोलावतो, सिस्टरचा वेळ जाऊ नये म्हणून, लाज वाटते म्हणून.

यावर जगभर मान्य झालेला साधा उपाय आहे. सिस्टरने सांगितल्यावर रुग्णाने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, आणि हाताने करायची गोष्ट असेल तर तिच्यासमोर करून दाखवायची. चुकलं तर सिस्टरने पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगायचं, आणि रुग्णाने पुन्हा सांगून दाखवायचं. यात परीक्षा रुग्णाची नसते. सिस्टरनी सुरुवातच अशी करावी, 'मी नीट सांगितलं का ते मला पाहायचंय, काका. घरी गेल्यावर काकूंना तुम्ही काय सांगाल?' सिस्टर विसरल्या तर तुम्ही म्हणा, 'थांबा सिस्टर, मी सांगतो, चुकलं तर सांगा.'

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. 'सकाळी दहा, रात्री आठ' एवढं ऐकून माणूस घरी जातो. पण दहा कशावर मोजायचे? आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपीची. दुकानदाराने १०० ची कुपी दिली आणि घरात ४० ची सिरिंज पडलेली असेल, तर दहाच्या रेघेपर्यंत भरलेल्या औषधात पंचवीस युनिट जातात. असा माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलटी गल्लत झाली तर औषध अर्ध्याहूनही कमी पोचतं आणि शुगर का उतरत नाही ते कोणाला कळत नाही. म्हणून कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे स्वतःच्या बोटाने दाखवून सिस्टरकडून पक्कं करा.

पुढे, गढूळ दिसणारं इन्सुलिन दोन तळव्यांत हलकेच घोळवायचं, गदागदा हलवायचं नाही. रोज जागा थोडी बदलायची, नाहीतर कातडीखाली गाठी होतात आणि तिथलं औषध नीट लागू पडत नाही. न फोडलेली कुपी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. फोडलेली कुपी सावलीत, थंड जागी, साधारण चार आठवडे चालते. कुपीवर फोडल्याची तारीख पेनाने लिहा. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून ठेवा. तंजावरचा वैशाख असो की जळगावचा, ही सोय कुठल्याही घरात होते. वापरलेल्या सुया टणक डब्यात साठवा आणि तो डबा दवाखान्यात परत द्या. कचऱ्यात टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

शिकवायचं कोणाला?

दुपारी बारा-एकची वेळ. डिस्चार्ज ठरलाय. मुलगा बिलाच्या खिडकीवर, जावई रिक्षा शोधतोय, आणि सिस्टर ज्याला कागद वाचून दाखवते तो पुतण्या उद्या सकाळच्या गाडीने पुण्याला परत जाणार आहे. घरी गोळ्या देणार सून, नाहीतर म्हातारी बायको. ती घरात मऊ भात शिजवत बसलेली आहे. तिला कोणीच काही सांगितलेलं नाही.

ही रीत मोडायला पैसा लागत नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सिस्टरना सांगा, 'घरी करणारी व्यक्ती उद्या सकाळी येईल, तिला शिकवा.' आणि खरोखर तिलाच आणा. ड्रेसिंग, नाकातली नळी, लघवीची पिशवी, इन्सुलिन, यातलं जे काही घरी करायचं असेल ते तिने सिस्टरसमोर एकदा आपल्या हाताने केलं पाहिजे. बिल भरायला दुसरा कोणीही चालतो.

तिरुवैयारूत आणि आपल्या कोकणात एक अवस्था सारखीच आहे. मुलं चेन्नईला, बेंगळुरूला, मुंबईला, परदेशात. घरात दोन म्हातारी माणसं. मग शिकायला शेजारची मुलगी आली तरी चालेल. परदेशातल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर सिस्टरचं बोलणं ऐकावं. पण ऐकून झाल्यावर 'आई, आता तू सांग' म्हणून आईकडून वदवून घ्यावं. पैसे पाठवण्याइतकंच हे मोलाचं आहे.

भाषेची अडचण असेल तर लाजू नका. तंजावरच्या मराठी घरातली माणसं तमिळ सहज बोलतात, पण आराधनेला गेलेला पुणेकर तिथल्या दवाखान्यात अडकला तर त्याची पंचाईत होते. तशीच तमिळ किंवा मल्याळी नर्सपुढे आपल्या गावाकडच्या आजीची होते. अशा वेळी खुणा कामी येतात. पट्टीवर सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र, जेवणानंतरच्या गोळीला ताट, असं पेनाने काढून घ्या. वाचता न येणाऱ्यालाही ते समजतं.

चार गोष्टी विचाराच

सगळं विचारता येणार नाही. डायबेटिस किंवा बी.पी. असेल तर या चार गोष्टी मात्र सोडू नका.

पहिली, उपासाची. शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर शुगर धोक्याइतकी खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, जीव घाबरतो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. शुगर ७० च्या खाली गेली, किंवा मोजायचं यंत्र नसताना ही लक्षणं दिसली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, फरक नसेल तर पुन्हा द्या, आणि बरं वाटल्यावर पोळी-भात काहीतरी खायला घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. एकादशी, चतुर्थी, प्रदोष करणाऱ्यांनी आधी सिस्टरना विचारावं, 'त्या दिवशी माझी गोळी घ्यायची की कमी करायची?' त्या डॉक्टरांना विचारून सांगतील. आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे पोटाला विश्रांती, असं समजू नका. ती शुगर झरकन चढवते.

दुसरी, पायांची. डायबेटिस जुना झाला की तळव्यांची जाणीव बोथट होते. देवळात चप्पल बाहेर, आणि दक्षिणेतल्या देवळांचं प्रांगण दगडी. भर दुपारी प्रदक्षिणा घालणाऱ्याचे तळवे भाजतात आणि त्याला कळतही नाही. घरी आल्यावर मोजा चिकटलेला दिसतो तेव्हा फोड फुटलेला असतो. ही जखम चिघळली तर बोट, कधी पाय जातो. तिरुवैयारूचं पंचनदीश्वराचं देऊळ असो की आपली जेजुरी, दर्शनाला उजाडता उजाडता जा, नाहीतर ऊन उतरल्यावर. रोज रात्री दोन्ही तळवे पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा नातवाला बघायला सांगा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको. भोवरी ब्लेडने कापू नका. आणि सिस्टरना म्हणा, 'माझे पाय एकदा तपासा.' कित्येक ठिकाणी रुग्ण वर्षानुवर्षं येतो आणि त्याचे मोजे कोणी काढायला सांगत नाही.

तिसरी, मिठाची. दिवसभरात सगळं धरून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरून मीठ घेत नाही म्हणणाऱ्याच्या ताटात तिकडे अप्पळम्, ताकातल्या वाळवलेल्या मिरच्या आणि लोणचं, इकडे पापड, लोणचं आणि खारवलेल्या मिरच्या. मीठ तिथे लपलेलं असतं. सिस्टरना तुमचं कालचं ताट सांगा, काय ते त्याच सांगतील.

चौथी, भाताची. तंजावर जिल्हा तमिळनाडूचं भाताचं कोठार. तिथे सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी ताक-भात अशी तीनदा वाढणी होते. कोकणात आणि गोव्यात याहून फार वेगळं नाही. 'भात बंद' असं सांगितलं की माणूस आठवडाभर पाळतो आणि मग सगळंच सोडतो. त्यापेक्षा पहिली वाढणी भाजीची, भात एकदाच आणि वाटीने मोजून, अशी बोली करा. हलवा खायचा दिवस असेल तर त्या जेवणातला भात कमी. नेमका किती, ते वजन आणि गोळ्या पाहून सिस्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील.

सिस्टरना आणि दवाखाना चालवणाऱ्यांना

सिस्टर, हा भाग तुमच्यासाठी. तुमच्यावर किती खाटांचा भार असतो ते आम्ही पाहतो. एका पाळीत एका नर्सने अख्खा वॉर्ड सांभाळायचा आणि वर प्रत्येकाला निवांत समजावायचं, हे होणारं नाही. म्हणून एका बैठकीत तीनच गोष्टी सांगा. आज सर्वांत धोक्याची कोणती, ती आधी. उरलेल्या उद्या. ड्रेसिंग करताना हात चालतात तेव्हा तोंडही चालू द्या, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. 'पथ्य पाळा' म्हणू नका, काय खायचं ते सांगा. आणि रुग्णाने सांगितलं की गोळी सुटते, तर रागावू नका. एकदा ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी खरं सांगत नाही.

दवाखाना चालवणाऱ्यांनी समजावणं हे काम म्हणून धरावं, त्यासाठी माणूस आणि वेळ द्यावा. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ वाढवावी: 'घरी करणाऱ्या व्यक्तीने करून दाखवलं, हो की नाही.' ती भरल्याशिवाय खाट रिकामी करू नये. तीच माणसं आठ दिवसांत परत भरती होण्यापेक्षा हे परवडतं.

समजावल्याने काय होतं याचे दाखले आपल्याच देशात आहेत. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं आणि ते कसं पाजायचं ते शिकवलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्या खाली आलं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्य शिकवलं. त्यांच्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी गावं बदलली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शिकवलेल्या आरोग्यदूतांनी घरोघर जाऊन नवजात बाळं सांभाळली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तिन्ही ठिकाणी घरच्या माणसाला जमेल असं काम त्याच्या हाती दिलं, आणि ते जमेपर्यंत शिकवलं.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात एवढं करा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत गोळा करा, जुन्या, नव्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. जवळच्या उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात किंवा तुमच्या डॉक्टरांच्या सिस्टरकडे ती पिशवी घेऊन जा. प्रत्येक पट्टी हातात धरून तीन प्रश्न विचारा. ही कशासाठी? केव्हा आणि किती दिवस? चुकली तर काय करायचं? उत्तरं वहीत उतरवा आणि सिस्टरना वाचून दाखवा. रात्री-अपरात्री शंका आली तर महाराष्ट्रात आणि तमिळनाडूत १०४ या क्रमांकावर आरोग्याचा सल्ला मिळतो. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाने, काही त्रास नसला तरी, वर्षातून एकदा बी.पी. आणि शुगर मोजून घ्यावी. बी.पी.चा वरचा आकडा १४० किंवा त्याच्या वर, नाहीतर खालचा आकडा ९० किंवा त्याच्या वर आला, किंवा उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्याच्या वर आली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा.

आणि सिस्टर घाईत असल्या तरी संकोचू नका. 'दोन मिनिटं, सिस्टर, मी काय समजलो ते सांगतो' एवढं म्हणा. ती दोन मिनिटं त्या कधीच नाकारत नाहीत.